हौसेचा हिशेब



‘तिला स्वयंपाकाची भारी हौस आहे,’ असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकाकडे या अंकाच्या निमित्ताने जरा जवळून पाहू या. ही हौस मलाही आहे. केक फुगून वर येताना होणारा आनंद समाजकार्याच्या शिक्षणाने कमी झाला नाही, आणि तो कमी व्हावा असेही मला वाटत नाही. स्वयंपाकघर म्हणजे निव्वळ बेडी, असे म्हणताना आपण कितीतरी बायांचे कौशल्य नाकारत असतो. मात्र त्या आनंदाच्या आडून काय फुकट घेतले जाते, हे विचारायलाच हवे.

कामानिमित्त माझे मढला जाणे-येणे असते. वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ येते. इथल्या कोळणी मासळी निवडतात, बोंबील वाळत घालतात, पाटी घेऊन बाजारात बसतात. भाव करण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नाही. मढ-एरंगळच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ पूर्वीपासून होतो. आता शेजारच्या घरांतही वाढदिवसाचे केक होऊ लागले आहेत. ओव्हन नसला तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, तळाला मिठाचा थर, त्यावर ताटली, वर केकचे भांडे आणि मंद आचेवर पाऊण तास. मीही असाच करते.

बायांच्या बैठकीत आम्ही एकदा अर्धा किलो साध्या केकचा हिशेब मांडला. सामान १४० रुपये, गॅस १० रुपये. शेजारणीला विकायचा २०० रुपयांना. म्हणजे ५० रुपये सुटले, असे सगळ्यांचे मत पडले. मग वेळ मोजला. सामान आणणे, चाळणे, फेटणे, आचेजवळ थांबणे, भांडी घासणे, सगळे मिळून अडीच तास. म्हणजे तासाला २० रुपये! एक मावशी म्हणाली, “ताई, घरातच तर असतो आम्ही. त्याचे कसले पैसे लावायचे?” हीच मावशी बाजारात मासळीच्या वाट्यामागे पाच रुपये सोडत नाही.

बाजारातल्या कष्टाला भाव आणि घरातल्या कष्टाला हौस, ही वाटणी तिने केलेली नाही. ती तिच्या जन्माआधीपासून चालत आली आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घराघरांत पोचवले. साहित्य मोजायला आपण शिकलो. बाईचे तास मोजायचे अजून शिकलेलो नाही.

हे शिकता येते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया उधारीत अडकलेल्या होत्या. संघटित झाल्यावर त्यांना बँकेचे कर्ज मिळाले. घरच्या चुलीवरचे काम हेही काम आहे, हे बँकेला मान्य करावे लागले.

आज ‘हौसेचा व्यवसाय करा’ असा सल्ला बायांना सगळीकडून मिळतो. जरूर करावा. पण घरातले आधीचे काम तसेच डोक्यावर ठेवून वर केकच्या ऑर्डरी घेतल्या, तर त्याला स्वावलंबन कसे म्हणायचे? तो दुहेरी बोजाच झाला. आणि जिला विकायचे नाही, तिने विकू नये. केवळ स्वतःच्या आनंदासाठी काही करण्याचा हक्क बाईलाही आहे. पण त्यासाठी मोकळा वेळ हवा, आणि घरातल्या बाकीच्यांनी भांडी घासल्याशिवाय तो मिळणार नाही.

म्हणून एक छोटी सुरुवात सुचवते. हिशेबाच्या वहीत सामानाशेजारी वेळेचा रकाना आखा आणि महिनाभर भरा. विकत असाल तर किंमत त्यावरून ठरवा. विकत नसाल तर ते पान घरात मोठ्याने वाचून दाखवा. त्यावर घरच्यांचे काय म्हणणे पडले, ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.

– संपादक मंडळासाठी