कॅमेरा किती हजारांचा घ्यावा?

घरासाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती हजारांचा?’ माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, काय टिपायचं आहे? दुसरा, टिपलेलं कुठे जपून ठेवायचं आहे? या दोघांची उत्तरं मिळाली की बजेट बहुतेक वेळा खालीच येतं.

हा धडा नाशिक जिल्ह्याला बाहेरून शिकायला नको. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. पण लगेच राजे-रजवाडे चित्रित करायला ते धावले नाहीत. आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं एवढंच त्यांनी टिपलं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं.

दुसरं उदाहरण मालेगावचं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला, तोही साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. पुढे त्यांच्या सुपरमॅनची भूमिका केली यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांनी. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दिसतं, की ट्रॉलीच्या जागी सायकल आहे आणि क्रेनच्या जागी बैलगाडी.

आपल्याकडे मात्र कॅमेऱ्यावर खर्च होतो तो निकाह आणि वलीम्यात. उसने पैसे घेऊन ड्रोन उडवला जातो, आणि तो व्हिडिओ घरात दोनदा पाहिला जातो. त्याच घरात १९६९ चा गोदावरीचा महापूर आणि बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली दादी असते. तिची बोली, तिच्या हातची कृती, मोहल्ल्यातल्या जुन्या घरांची नावं कुणीच टिपत नाही. बाहेरचे कॅमेरे आपल्या वस्तीत येतात ते स्फोट, दंगल किंवा निवडणूक असेल तेव्हा. रोजचं जगणं आपणच टिपलं नाही, तर उद्या आपल्या मुलांना आपलं तेवढंच चित्र मिळेल.

म्हणून माझं सांगणं असं. हातात बरा मोबाइल असेल तर नवीन कॅमेरा घेऊ नका. आधी एक कॉलर माइक आणि एक तिपाई घ्या. हललेलं चित्र एक वेळ चालतं, पण दादीचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला तर काहीच उरत नाही. रेकॉर्डिंग करताना मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेटिंगमध्ये २५ किंवा ५० फ्रेम निवडा, म्हणजे ट्यूबलाइटची फडफड दिसणार नाही.

शाळेचं स्नेहसंमेलन, तास-दोन तासांचं व्याख्यान असं लांबून आणि सलग टिपायचं असेल, तर हॅन्डीकॅम उपयोगी पडतो. तिथे ऑप्टिकल झूम किती आहे ते बघा. डिजिटल झूमचा मोठा आकडा ही फक्त जाहिरात असते. बाहेरचा माइक जोडायला जागा हवीच. जुना घेत असाल तर भिंग उजेडात धरून आत बुरशी आहे का पाहा आणि बॅटरी अजून मिळते का ते विचारा.

फोर-केचा हट्टही धरू नका. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने टिपलं तर तासाला ४५ जीबी जागा लागते. तेवढी साठवण परवडणार नसेल तर फुल एचडी पुष्कळ झालं. बजेटमधला एक वाटा दोन हार्ड डिस्कसाठी ठेवा. एक आपल्या घरी, दुसरी भावाच्या किंवा बहिणीच्या घरी.

तस्वीर जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. कुणाला चेहरा द्यायचा नसेल तर जबरदस्ती नको. विचारा, आणि फक्त आवाज टिपा. त्याला मोबाइल पुरतो, कॅमेऱ्याचा खर्चही वाचतो. दुकानात जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर अर्धा तास बसा. कॅमेरा हवा की नाही, हवा असेल तर कसा, हे त्यानंतर ठरवा.