ठसे झिजले, मजुरी अडली

धानाची रोवणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यात चिखलणी पुरुषांकडे आणि पऱ्हे उपटणे, रोवणे बहुतांशी महिलांकडे असते. त्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात. याच जिल्ह्यातल्या अनेक घरांत विड्या वळल्या जातात. भिजवलेले तेंदूपान कापायचे, तंबाखू भरायचा, वळून दोरा बांधायचा. भांडी घासणे, सारवणे वेगळेच. ही सारी कामे बोटांच्या टोकांवर चालतात आणि कमाई हाती यायलाही आता तीच टोके लागतात.

रोजगार हमीची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच देणे १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक झाले. त्याच वर्षी ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले. पैसे जमा व्हायला ठसा लागत नाही. पण जवळ बँकेची शाखा किंवा एटीएम नसेल तर ते काढायला ग्राहक सेवा केंद्रात बोट लावावे लागते. ठसा जुळला नाही तर पैसे खात्यात असूनही हात रिकामेच.

यंत्र असे का वागते, याचे उत्तर शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यात आहे. बऱ्याच ठसायंत्रांत बोट काचेच्या लोलकावर टेकते. बोटावरच्या रेषांमधल्या खाचांत हवा असते. तेथे प्रकाश सुमारे ४२ अंशांहून तिरपा पडला की पूर्ण परावर्तित होतो आणि खाच उजळ दिसते. रेषेचा उंचवटा काचेला चिकटतो, तेथे प्रकाश विखुरतो आणि रेष गडद दिसते. बोट ओले असेल तर खाचांत हवेऐवजी पाणी भरते. मग पूर्ण परावर्तनासाठी लागणारा कोन सुमारे ६२ अंशांवर जातो आणि खाचाही काळवंडतात. बोट फार कोरडे किंवा भेगाळलेले असेल तर उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत, रेषा तुटक उमटतात. रेषाच झिजल्या असतील तर उजळ-गडद हा फरकच उरत नाही.

त्वचाविज्ञान यात भर घालते. हाताला त्वचादाह असलेल्या रुग्णांची आणि निरोगी व्यक्तींची तुलना मलेशियातील एका अभ्यासात झाली. रुग्णांपैकी २७ टक्के जणांचे ठसे जुळले नाहीत. निरोगी गटात हे प्रमाण २ टक्के होते. सतत पाणी, साबण व घर्षण ही त्वचादाहाची ओळखीची कारणे आहेत. दिलासा एवढाच की ठशाचे मूळ त्वचेच्या आतल्या थरात असते. हातांना विश्रांती मिळाली तर वरचा थर काही आठवड्यांत नवा येतो आणि रेषा बहुधा परत उमटतात. पण ही विश्रांती रोवणीच्या हंगामात कोणाला परवडणार?

म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, कामाच्या ठिकाणच्या समानतेचाही आहे. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये आला. मोबदला समान ठरला, तरी तो हातात पडण्याची वाट काही हातांसाठी अधिक अडचणीची असेल तर समानता कागदावरच राहते. सरकारी सेवांतील आधार पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते, असे आधार प्राधिकरणाने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. उरलेल्या १२ टक्क्यांत नेटवर्कसारखी कारणेही आली. मात्र ते अपयश कोणत्या कामातल्या, कोणत्या वयाच्या, स्त्रीच्या की पुरुषाच्या वाट्याला येते, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. तशी नोंद तालुकानिहाय व्हायला हवी.

पर्याय अस्तित्वात आहेत. बुबुळ, चेहरा आणि मोबाइलवर येणारा ओटीपी यांनीही आधार पडताळणी होऊ शकते. दहा बोटांपैकी सर्वांत स्पष्ट ठसा कोणता, हे तपासण्याची सोयही प्राधिकरणाने आखली होती. केंद्रावर हात धुऊन कोरडे करणे, फार रखरखीत बोटाला किंचित तेल लावून पुसणे आणि दुसरे बोट वापरून पाहणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. ठसा जुळत नाही म्हणून कोणाला परत पाठवण्याआधी यातला एक तरी पर्याय देणे केंद्रचालकावर बंधनकारक हवे. रोवणीने ज्यांचे हात झिजवले, त्यांच्याकडेच नितळ बोट मागणारी व्यवस्था बदलण्याची जबाबदारी त्या हातांची नाही.