रानमोडी आणि मार्चअखेर

रानमोडी हे नाव ज्याने कोणी ठेवले असेल, त्याला माझा नमस्कार. रान मोडते ती रानमोडी. शास्त्रज्ञ तिला क्रोमोलीना म्हणतात, पूर्वी युपेटोरियम म्हणत. केरळात तिचे नाव 'कम्युनिस्ट पच्चा', कारण ती आणि तो पक्ष तिकडे साधारण एकाच काळात पसरले म्हणे! आपल्याकडच्या शेतकऱ्याने राजकारणात न शिरता तिचा गुन्हाच नावात नोंदवून ठेवला. डिसेंबरात डिचोलीहून मयेला येताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या-जांभळट फुलांचे झुबके दिसतात ना, तीच ही. तळे बघायला आलेले पर्यटक गाडी थांबवून तिचे फोटो काढतात.

मूळची ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. तिच्या आधी काही दशके घाणेरी, जिला देशावर टणटणी म्हणतात, तीही त्याच बागेत शोभेसाठीच आली होती. दोघी कुंपण ओलांडून बाहेर पडल्या आणि आज म्हादईपासून खोतीगावपर्यंत कुठल्याही वाटेने जा, त्यांची गाठ पडल्याशिवाय राहत नाही.

हे वाचून कोणी लगेच म्हणेल, परकी झाडे ना, मग टाका उपटून! वाचकहो, गोव्याच्या माणसाने तरी असे बोलू नये. काजू कुठला? ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. मिरची, अननस, पेरू, पपई सगळे समुद्रापलीकडून आले. उद्या परकी म्हणून हाकलायची तर मार्च-एप्रिलमध्ये भाटीला विस्तव लागणार नाही, आणि हुमणात मिरचीऐवजी काय वाटायचे तेही सांगावे लागेल. परके असणे हा गुन्हा नव्हे. काजू माणसाने लावला तिथे राहिला, माणसाच्या हाताखाली राहिला. (काजूसाठीही डोंगरच्या डोंगर साफ झाले, हे मी विसरलेलो नाही. पण तो दोष कोयत्याचा, काजूचा नव्हे.) रानमोडीचे तसे नाही. तिला कोणी लावत नाही. एकेका झुडपाला हजारोंनी बिया धरतात, प्रत्येक बीला केसांचा तुरा. वारा नेतो, गुरांच्या अंगाला चिकटून जातात, ट्रकच्या ताडपत्रीवर बसून जातात. खनिजाच्या ट्रकांनी आमच्या भागात लाल धुळीबरोबर आणखी काय काय पोचवले, कोण जाणे.

तिला गुरे तोंड लावत नाहीत. घाणेरी गुरांना विषारीच. म्हणजे अभयारण्याचा नकाशा हिरवागार दिसतो, पण त्या हिरव्यात सांबराने, गव्याने खायचे काय? गवा आपला राज्यप्राणी. तो कुळागरात आणि काजूच्या बागेत का उतरतो, याची कारणे अनेक आहेत, पण रानातले गवत आणि झुडपे या दोघींनी गिळली हे त्यातले एक आहेच. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा एकट्या घाणेरीने वाघांच्या मुलखातले चाळीस टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र व्यापलेले निघाले. दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर! गोव्यासारखी चाळीस राज्ये त्यात बसतील.

मला मात्र हा तोटा कळतो तो वाघापेक्षा माटोळीवरून. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतो, तिच्यात नारळ, सुपारीचे कातर, तोरिंगण, चिबूड हे परसातले आणि कुळागरातले. पण कवंडळ, कांगलां, घागऱ्यो हे सगळे रानातले, तेही घनदाट रानातले नव्हे, रानाच्या कडेचे, झुडपांवर चढणारे, उजेडाला आलेले. नेमकी तीच जागा रानमोडीची. तिला दाट सावली सोसत नाही, म्हणून जुन्या देवराईत ती आत शिरत नाही, बाहेरच थांबते. उन्हाळ्यात काण्णां आणि चुन्नां पानाच्या खोल्यात घालून बाजारात बसणाऱ्या बायकांचीही जागा तीच, रानाची कड. कला आणि संस्कृती खाते माटोळीची स्पर्धा घेते, लोक शेकडो प्रकारच्या वस्तू बांधतात, कौतुक होते. पण पुष्कळ घरांत आता माटोळीचे सामान रानातून येत नाही, बाजारातून येते.

आता मुद्द्यावर येतो. रानमोडी कुठे माजते? जिथे वर्षभर कोणाचा हात फिरत नाही तिथे. आणि हे मयेच्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. १९६१ साली गोवा मुक्त झाला, इथला पोर्तुगीज काळातला जमीनमालक पोर्तुगालात राहिला, आणि त्याची जमीन १९६४ च्या कायद्याने 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' ठरून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. आमचे लोक त्याच जमिनीवर राहिले, त्याच जमिनीत राबले, पण कागदावर त्यांचे काही नाही. त्यावर कायदा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. पन्नास वर्षे ज्या जमिनीचा मालक म्हणजे एक फाईल, त्या जमिनीवर माणूस फणस लावील का? घराभोवती लावतो. डोंगरावर नाही. डोंगर रानमोडीचा होतो.

अभयारण्याचेही, वेगळ्या वाटेने, हेच झाले असे माझे मत आहे. गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान मिळून साडेसातशेच्या आसपास चौरस किलोमीटर राखीव क्षेत्र आहे, राज्याचा पाचवा हिस्सा. ते राखले हे उत्तमच झाले, नाहीतर खाणींनी म्हादईचे काय केले असते याची कल्पना डिचोलीकराला आहे. पण राखताना आपण हात बाहेर काढले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातली वनस्पती परवानगीशिवाय तोडता किंवा हलवता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा १४ फेब्रुवारी २००० चा आदेश आहे, त्याने अभयारण्यातून वाळलेले, पडलेले झाड आणि गवतसुद्धा उचलायला बंदी केली. लाकूडचोरीला आळा घालायला हे आवश्यक होते, याबद्दल दुमत नाही. पण जो माणूस पूर्वी वाटेवरची रानमोडी जाता जाता कोयत्याने उडवायचा, तो आता विचार करतो. कशाला भानगड? गार्डने पाहिले तर?

मग तोडायची कोणी? तर सरकारने. इथे मी थोडा अधिकाराने बोलू शकतो, कारण वनखात्यात नसलो तरी वीस वर्षांहून जास्त काळ फायलींत गेला आहे, आणि फाईल कुठल्याही खात्याची असो, तिचे ऋतू सारखेच. एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होते. अंदाज तयार होतो तोवर पाऊस. पावसात काम नाही, पण कागद तरी पुढे सरकावेत? नाहीत. चवथ येते, मग दसरा, मग दिवाळी. प्रशासकीय मंजुरी, निविदा, तिला प्रतिसाद नाही म्हणून पुन्हा निविदा. वर्क ऑर्डर निघते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि मग ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडायलाच हवेत म्हणून जी धावपळ होते ती आपण सगळे जाणतोच.

आता रानमोडीचे ऋतू बघा. पावसात वाढते. नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते. जानेवारीपासून बिया सुटतात. म्हणजे मार्चअखेरच्या ठेकेदाराची माणसे जेव्हा कोयते घेऊन येतात, तेव्हा ते झुडूप आपले वर्षाचे काम आटोपून बसलेले असते! उलट कापून, ओढून, ढीग करताना उरलेल्या बिया हीच माणसे पुढच्या वळणापर्यंत नेतात. ढीग तिथेच वाळतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि सत्तरीत वणवे लागले, पाणी ओतायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली, हे आठवत असेल. त्या आगी कशामुळे लागल्या या वादात मी पडत नाही. पण वाळलेली रानमोडी कशी पेटते हे ज्याने पाहिले आहे, तो तिचा ढीग मार्चमध्ये रानात ठेवणार नाही. आणि आग विझल्यावर त्या मोकळ्या, उजेडाच्या जागेत पहिल्या पावसात कोण उगवते? खोडाशी तग धरून राहिलेली तीच.

दुसरी गोम हिशेबाची. हे काम एका वर्षात होत नाही. मुळातून फुटवा येतो, जमिनीतले बी पुढच्या पावसात रुजते, म्हणून त्याच जागी तीन-चार वर्षे लागोपाठ जावे लागते. पण त्याच सर्व्हे नंबरवर दुसऱ्या वर्षी पुन्हा खर्च दाखवला की विचारणा ठरलेली : गतवर्षी हे क्षेत्र साफ झाले होते ना, मग पुन्हा का? त्यापेक्षा दर वर्षी नवे हेक्टर दाखवणे सोपे. आकडा वाढत जातो, रानमोडीही.

याच्या उलट काजूची बाग बघा. आमच्याकडे बागवाला पाऊस सरला की बाग साफ करायला घेतो. त्याला पर्यावरणाशी काही देणेघेणे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडू खाली पडले की ते दिसायला हवेत, एवढाच त्याचा हिशेब. पण त्यामुळे रानमोडी बी धरण्याआधी कापली जाते, दर वर्षी, त्याच जागी. त्याला निविदा लागत नाही आणि त्याचे वर्ष एप्रिलला सुरू होत नाही. साफ राखलेल्या बागेत रानमोडी नसते असे नाही, पण गुडघ्याच्या वर जात नाही. बागेच्या गडग्यापलीकडे ती पुरुषभर उंच.

कर्नाटकातल्या बिळीगिरी रंगन डोंगरांतली कथा याहून बोलकी आहे. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. ते हिवाळा सरता सरता पाचोळ्याला हलकी आग लावत, ती झुडपांचे रोप जाळून विझून जाई. १९७४ मध्ये अभयारण्य झाले, आग बंद, फिरती शेती बंद, त्यांना डोंगरातून उठवून कडेला बसवले. संशोधकांनी तिथे तेच ते चौकोन दोनदा मोजले. १९९७ मध्ये शंभरातल्या ४१ जागी घाणेरी होती, २००८ मध्ये ८१ जागी. सोलिगा हेच सांगत होते, पण त्यांच्या सांगण्याला टाचण नव्हते! २०११ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. मी काही गोव्यात आगी लावा म्हणत नाही. आपले रान वेगळे, आणि २०२३ नंतर तो शब्दही कोणी काढू नये. माणूस काढला की रान आपोआप मूळपदावर येते ही समजूत तेवढी सोडून द्यावी.

तोडायचे कसे, हेही आता गुपित नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटमध्ये घाणेरीसाठी पद्धत बसवली : कुदळीने जमिनीखाली थोडे जाऊन मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. माती उकरायची नाही, यंत्र नाही, औषध नाही. मग दोन-तीन पावसाळे रोपे उपटत राहायची आणि जागा उघडी न ठेवता तिथले गवत वाढू द्यायचे. रानमोडीला बारीकसारीक फरक करावे लागतील. पण कुदळ आणि जागा ओळखणारा माणूस, एवढेच सामान.

घाणेरीपासून फर्निचर करतात, नीलगिरीत तिच्या काड्यांचे खऱ्या आकाराचे हत्ती केले, ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मिरवले. बघायला छान आहेत. पण रोगावर पोट चालू लागले की रोग बरा करायची घाई राहत नाही, म्हणून या मार्गाकडे मी जरा सावधपणेच पाहतो.

आणि एक झाड असे की ज्याचा दोष आपण कलकत्त्याच्या बागेवरही ढकलू शकत नाही. ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशिया. सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत ते गोवाभर आपणच लावले. डिचोली तालुक्यातल्या खाणींच्या ढिगांवर ते लावले, ते मी समजू शकतो. त्या लाल मातीवर दुसरे काही लवकर उभे राहत नव्हते, आणि ढीग शेतात येण्यापेक्षा अ‍ॅकेशिया बरा. पण ढिगावरचे बी ढिगावर राहत नाही. केरळात वायनाडला ऐंशीच्या दशकात सावलीसाठी सेन्ना लावला, आज तिथल्या अभयारण्यात तो काढताना नाकी नऊ आले आहेत. झाड लावणे म्हणजे पुण्यच, ते कुठले का असेना, ही आपली वनमहोत्सवी समजूत फार महागात पडते.

२०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन 'आक्रमक परकी प्रजाती' हे शब्द पहिल्यांदा आले, कलम ६२अ आले. त्यात आयात, व्यापार, बाळगणे, प्रसार यांवर नियंत्रणाचा अधिकार केंद्राला आहे. ठीक आहे. पण रानमोडी परवाना मागायला येत नाही. इथे राज्याने करायचे काम साधे आहे. तीन-चार वर्षांचे काम एकाच मंजुरीत बसवावे, आणि पैसे किती हेक्टर कापले यावर न देता तिसऱ्या वर्षी त्या जागेत काय उगवले यावर द्यावेत. काम ठेकेदाराला न देता अभयारण्याच्या वेशीवरच्या गावांना द्यावे. बी धरण्याआधी, ऑक्टोबरात कुदळ लागायची तर वर्क ऑर्डर ऑगस्टमध्ये निघायला हवी, म्हणजे चवथीच्या आगेमागे. त्याच दिवसांत गावचे लोक माटोळीसाठी रानाच्या कडा धुंडाळत असतात. यंदा कवंडळ कुठे मिळाली नाही आणि तिथे काय माजले आहे, हे ते ठिकाणासकट सांगतील. त्यासाठी सल्लागार कंपनी नेमायला नको.