अदब शिकण्यासाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

– एस. वाय. बी. ए.

परकीय भाषा शिकायची तर ती इंग्रजीच्या आधारानेच, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. ज्याचे इंग्रजी कच्चे, तो विद्यार्थी त्यामुळे स्पॅनिशच्या वाटेला जातच नाही. वास्तविक व्यापारी स्पॅनिशमधील अवघड भाग म्हणजे अदबीचे बोलणे. आणि तोच भाग मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर उमगेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीत धाकट्या भावालाही ‘यू’ आणि कंपनीच्या संचालकालाही ‘यू’. स्पॅनिशमध्ये तसे नाही. तेथे जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात, अगदी आपलाच ‘तू’! परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणतात. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला. म्हणूनच ‘उस्तेद’बरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो. ‘साहेबांनी बसावे’ असे समोरच्या साहेबांनाच म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल ते काय?

दुकानात आपण ‘मला माहिती हवी’ असे म्हणत नाही. ‘जरा माहिती हवी होती’ म्हणतो. गरज आत्ताची, पण क्रियापद भूतकाळी. त्यामुळे मागणीची धार बोथट होते. स्पॅनिश माणूसही ‘कियेरो’ (मला हवे) न म्हणता ‘केरीया’ (हवे होते) किंवा त्याहून नम्र ‘किसियेरा’ म्हणतो. जुन्या व्यापारी पत्रांचेही तसेच. आपल्याकडे ‘सा. न. वि. वि.’, तर त्यांच्याकडे शेवटी ‘आपल्या हाताचे चुंबन घेणारा’ या अर्थाची आद्याक्षरे! आज ती मागे पडली असून ‘आतेंतामेंते’ या एका शब्दावर पत्र संपते.

कोणी म्हणेल, धंदा भावावर आणि मालावर चालतो. गोड वाक्ये पाठ करून काय होणार? म्हणणे अर्धे खरे आहे. नुसती पाठ केलेली वाक्ये फसवतातच. स्पेनमधील कित्येक कचेऱ्यांत पहिल्या भेटीतच ‘तू’वर येतात, तर कोलंबियातील बोगोता शहरात घरच्या माणसांतही ‘उस्तेद’ चालते. मेक्सिकोत पदवीधराला ‘लिसेन्सियादो’ आणि अभियंत्याला ‘इन्हेनियेरो’ म्हणून हाक मारतात. नावाचीही गंमत आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस या कादंबरीकाराच्या नावात ‘गार्सिया’ हे वडिलांकडचे आडनाव आणि ‘मार्केस’ आईकडचे. अशा गृहस्थाला केवळ शेवटच्या आडनावाने संबोधणारा पत्रलेखक पहिल्याच ओळीत अनोळखी ठरतो. तेव्हा वाक्याबरोबर ते कोणाला, कोठे म्हणायचे हेही शिकले पाहिजे. आणि माणूस पाहून बोलण्याचे हे शिक्षण गावाकडच्या ओसरीवर आपल्याला लहानपणीच मिळालेले असते.

मराठी सगळीकडे पुरते असे मात्र नाही. आपली विनंती ‘द्याल का’मध्येच सामावते आणि ‘कृपया’ पाटीवरच राहते. स्पॅनिशमध्ये ‘पोर फावोर’ आणि ‘ग्रासियास’ पावलोपावली तोंडाने म्हणावे लागतात. ही सवय मुद्दाम लावून घ्यायला हवी.

स्पॅनिश ही वीस देशांची भाषा आहे. पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबियात विकल्या जातात. म्हणजे या भाषेची गरज आपल्या दाराशी आलेली आहे. अशा वेळी घरात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींना इंग्रजीच्या फाटकाशीच अडवून ठेवणे न्यायाचे नाही. इंग्रजी जरूर शिकावे, पण तिसऱ्या भाषेचे भाडे म्हणून नव्हे. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की फळ्यावर स्पॅनिश वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य लिहिता, तेथे एकदा मराठी वाक्य लिहून पाहावे. मागच्या बाकावरचे हातही वर येतील.