टाळूवरचे दुखणे, ताटातले कारण

केस गळणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय खरा. परंतु २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात जे घडले त्यात हसण्याजोगे काहीच नव्हते. बायाबापड्यांच्या आणि पोरासोरांच्या केसांचे झुपके हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत त्यांची डोकी उजाड झाली. बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या वर गेली. मुलींचे शिक्षण खंडित झाले, काहींची ठरलेली लग्ने मोडली.

मग तर्कांना ऊत आला. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. यांतील बुरशीचा तर्क पडताळणे फारसे अवघड नसते. टाळूची त्वचा बोथट पात्याने हलकेच खरवडून ते कण काचेवर घ्यावयाचे व त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडावयाचा. कण विरघळतात आणि बुरशीचे तंतू असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. शेगावातही त्वचेचे नमुने घेतले गेले. परंतु महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या निष्कर्षानुसार दुखण्याचे मूळ टाळूवर नव्हतेच. ते ताटात होते. स्वस्त धान्य दुकानांतील गव्हात किलोमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. हे द्रव्य शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. अतिरेक झाला की केस आणि नखे झडतात. पंजाबच्या काही भागांतील मातीत ते मुबलक आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांना नवी नाही.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. लक्षण एक असले तरी कारणे अनेक असतात. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिलचा काही उपयोग होतो, पण तो औषध चालू असेपर्यंतच. बुरशीला बुरशीनाशकच हवे, आणि अन्नातून विष जात असेल तर जगातील कोणतेही तेल निरुपयोगी! औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत टकलाचा समावेश आहे. म्हणजे ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करावयाचा नाही. तरीही आठवडी बाजारापासून जाहिरातींच्या फलकांपर्यंत असे दावे राजरोस चालतात. कायदा आहे, अंमलबजावणी कोठे आहे?

शेगाव गोव्यापासून दूर आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. आपल्या स्वस्त धान्य दुकानांतही केंद्राच्याच साठ्यातील धान्य येते. ते गोदामातून बाहेर पडण्यापूर्वी अशा घटकांसाठी नियमितपणे तपासले जावे आणि निष्कर्ष जनतेपुढे ठेवले जावेत, ही मागणी अवाजवी नव्हे. नागरिकांनीही शेजाऱ्याने सांगितलेली बाटली आणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. गरिबाच्या ताटात काय पडते याची खातरजमा त्याच्या डोक्यावरचे केस गेल्यानंतर करावयाची असेल, तर त्या व्यवस्थेला दक्ष म्हणता येणार नाही.