सिनियरचा रिझ्युमे, आपलं नाव

होस्टेलवर रिझ्युमे कुणी लिहीत नाही, तो पेन ड्राइव्हवरून येतो! मीही सिनियरच्या फाइलमध्ये नाव तेवढं बदललं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मॅटलॅबमध्ये काय केलंत?" केलं होतं सिनियरने. पुढची पाच मिनिटं कशी गेली ते विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच, की जे दहा मिनिटं सांगता येईल तेच लिहावं. माझं गाव केनवड, ता. रिसोड. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राचे पट्टे अन् बेअरिंग मी स्वतः बदलतो. मेकॅनिकलच्या पोराने हेच कागदावर आणलं नाही. काहून? तर लाज! छंदात मात्र 'वाचन' ठोकून दिलं.

लिओनार्दो द विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे काम मागताना आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं सांगितली. चित्रकला अगदी शेवटाकडे. समोरच्याला लढाईची गरज होती ना! आपण मात्र दहा कंपन्यांना एकच झेरॉक्स धाडतो, त्यात धर्म, वडिलांचा व्यवसाय अन् 'मेहनती स्वभाव'.

मॅटलॅब मी काढून टाकलं. मळणीयंत्र आता वरून दुसऱ्या ओळीत आहे.