फिरते घर : कुणाचे सुख?

मोटारीतच चूल नि बिछाना असलेले फिरते घर घ्यावे काय, असा खल हल्ली सुखवस्तू मंडळींत चालतो. किंमत, डिझेल, दुरुस्ती हा खर्च. वाटेल तिथे मुक्काम, हे सुख. पण वाचकहो, बीड जिल्ह्याला फिरते घर नवे नाही! दसरा-दिवाळी सरली की केज, धारूर, पाटोद्याचे ऊसतोड मजूर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे गाडीत घालून कारखान्यांची वाट धरतात. उचल आधी घ्यायची, पाच-सहा महिने कोयत्याने फेडायची. मुक्काम कुठे, हे मुकादम सांगणार! थांबण्याची मुभा ज्याला, प्रवासाचे सुखही त्यालाच. निदान लेकरांची तरी शाळा सुटू नये. २०२१ साली शासनाने त्यांच्यासाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ती प्रत्येक लेकरापर्यंत पोचलीच पाहिजे. मोटारघरांचे कौतुक मागाहून करू!